आर्नहेमचं एक मत

मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. शैलावहिनी, निखिल, मीनलताई, आणि लांबलांबून आलेले तुम्ही सगळे.

मला बोलता येत नाही. नम्रपणे म्हणतोय असं समजू नका, खरंच येत नाही. सातवीपर्यंत शिकलो आणि मग राहुरीकडे पिठाची गिरणी चालवली. गिरणीत बोलायचं म्हणजे ओरडायचं. या माइकसमोर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, तेव्हाही ओरडलोच. तुमच्यातल्या पुष्कळांनी ते ऐकलंय. काहींनी फोनमध्ये उतरवून घेतलंय. आज मला इथे बोलावलं तेव्हा पहिली भीती हीच वाटली की लोक म्हणतील, हा पुन्हा आला?

पुन्हा आलो. नाइलाज आहे. खांबेटे गेले, आणि ज्या माइकवर बोललो तो हाच.

मागे आवाज येतोय ना? बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाहीतर कळायचं नाही मी कशाला लाजतोय. आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आपण थेट निवडत नाही. प्रत्येक गावातले सभासद जमून आपले प्रतिनिधी ठरवतात, आणि ते प्रतिनिधी फेल्डहोवनला या हॉलमध्ये येऊन मत देतात. निम्म्याच्या वर ज्याला मतं, तो अध्यक्ष. कुणालाच तेवढी पडली नाहीत, तर चहा आणि मग दुसरी फेरी.

त्या वर्षी तिघे उभे होते. निखिलच्या मागे इथली सगळी इंजिनियर मंडळी. मीनलताईंच्या मागे ॲमस्टरडॅम. आणि खांबेटे. टिलबर्गच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या मागे कोण? कुणीच नाही. लोक हसत होते. मीही हसलो असतो, पण ते आमच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि माझी बायको त्यांना थालीपीठ वाढत होती.

मला म्हणाले, "अण्णा, प्रतिनिधी व्हा."

म्हटलं, "अहो, मी व्हिसावरचा माणूस. तीन महिने इथे, तीन महिने तिकडे. माझं मत कोण घेतो?"

"मी घेतो. सभासदाचे आईवडील इथे असतील तोवर सभासदच. नियमात आहे. कुणी वाचत नाही."

ही त्यांची युक्ती. मोठ्या गावांत जायचंच नाही. आर्नहेमसारख्या ठिकाणी जायचं, जिथे प्रतिनिधी निवडायच्या सभेला कुणी फिरकत नाही. तरुणांना ऑफिस, पोरांचा पोहण्याचा क्लास, शनिवारची खरेदी. रिकामं कोण? मुलाकडे आलेली म्हातारी माणसं. आमच्या गावची सभा भरली तेव्हा आम्ही म्हातारेच होतो. मला निवडलं. मंडळी, मला कधी कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. गावात ग्रामपंचायतीला मी फक्त शाई लावून घ्यायला जायचो. घरी आलो तर कमल, माझी बायको, म्हणाली, "प्रतिनिधी झालात ना, मग आता कोथिंबीर तरी निवडा."

काही लोक आम्हाला पर्यटक प्रतिनिधी म्हणायचे. नावं घेत नाही. समोरच बसलेत.

खांबेट्यांनी मला काही लपवून ठेवलं नव्हतं. हे मला सांगायलाच हवं. इकडे येताना ते टिलबर्गला गाडीत चढले, माझ्या शेजारी बसले आणि स्वच्छ म्हणाले, "अण्णा, आपण जिंकणार नाही. आपल्यावाचून त्यांनाही जिंकता येऊ नये, एवढंच बघायचं. मग ते आपल्याकडे येतील आणि विचारतील, काय पाहिजे?"

मी मान हलवली. मला वाटलं, मोठा माणूस आहे, असंच बोलायचं असतं. मनात मी त्यांना हारही घालून ठेवला होता.

पहिली फेरी झाली. कुणालाच निम्म्याच्या वर मतं नाहीत. खांबेटे तिसरे, पण त्यांच्या मतांवाचून दोघांचंही अडलेलं. चहाच्या वेळी ते आधी मीनलताईंशी बोलले, मग निखिलशी, तिकडे त्या खिडकीपाशी. परत आले आणि आम्हाला म्हणाले, "आता आपली मतं निखिलला."

त्यावर मी काय केलं? या माइकपाशी आलो. कुणी बोलावलं नव्हतं. आणि म्हणालो, "खांबेटे, आम्हा म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणलंत आणि बाजारात उभं केलंत. सगळ्यांसमोर सांगा, आम्हाला विकून काय घेतलंत?"

खांबेट्यांच्या पत्नी शैलावहिनी दुसऱ्या रांगेत होत्या. आज बसल्यात तिथेच.

खांबेटे जागेवरून म्हणाले, "बुधवार घेतलेत, अण्णा."

सगळे हसले. मला वाटलं, माझी टिंगल करतायत. मी म्हणालो, तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. मत न देता बाहेर गेलो, आणि माझा मुलगा येईपर्यंत सायकलींपाशी उभा राहिलो. नंतर आम्ही गावी गेलो.

पुढच्या खेपेला आलो तेव्हा बुधवार काय ते कळलं. मंडळाने आर्नहेममध्ये एक खोली घेतली होती, आमच्या घराजवळच्या समाजघरात. दर बुधवारी दुपारी, मुलाकडे आलेल्या आईवडिलांसाठी. नुसतं बसायचं. चहा, पत्ते, गप्पा. तशीच टिलबर्गला, तशीच इथे. निखिल अध्यक्ष झाला आणि त्याने दिलेला शब्द पाळला, त्याचं श्रेय मी त्याला आज पहिल्यांदा देतोय, तेही आधीच द्यायला हवं होतं.

तुम्ही तरुण माणसं सकाळी जाता, संध्याकाळी येता. मधल्या वेळात घरात काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. तुमचा दोष नाही. माझी कमल गावात दिवसभर बोलणारी बाई. इथे दुपारी विनाकारण कुकर लावायची. मी विचारलं, भात तर सकाळचा आहे, आता काय शिजतंय? म्हणाली, "काही नाही हो. शिट्टी होते तेवढीच घरात."

ती बुधवारी जायला लागली. घरी आली की हसून हसून सांगायची, कोण काय म्हणालं, कुणी पत्त्यांत लबाडी केली. आणि मी? मी तिला दारापर्यंत पोचवायचो आणि बाहेर उभा राहायचो. पाय ठेवणार नाही म्हटलं होतं ना, आणि खोली त्यांनीच मिळवलेली. थंडी कसली, वारा कसला, सायकली आडव्या पडायच्या. मी त्या उभ्या करत बसायचो, काहीतरी काम दिसावं म्हणून.

पहिल्याच बुधवारी खांबेटे बाहेर आले. दर बुधवारी टिलबर्गहून गाडीने यायचे, खोली उघडायला. हातात दोन कप.

"घ्या."

"नको."

"मग दोन्ही मलाच प्यावे लागतील. मला डायबेटीस आहे. पाप तुमच्या डोक्यावर."

घेतला. दोन चमचे साखर, बरोबर. कमलने सांगितलं असणार. एकदाही त्यांनी आत या म्हटलं नाही. एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. माझ्या शेजारी उभं राहून थंडी खायचे आणि गिरणीचं विचारायचे, झिजलेल्या दगडाला छिन्नीने टाकी कशी घालतात, पट्टा सुटला तर काय करायचं. एकदा म्हणाले, "अण्णा, इथली गिरणी वाऱ्यावर चालायची, तुमची डिझेलवर. तुम्ही मात्र अजून रागावरच चालता." मी हसलो नाही. हसू आलं होतं, पण हसलो नाही. याचीही आज लाज वाटते. कप रिकामे झाले की दोन्ही कप घेऊन आत जायचे.

तीन महिने असेच गेले. आम्ही परत गावी गेलो.

या खेपेला विमानात मी एक वाक्य तयार केलं. खांबेटे, माझं चुकलं. एवढंच. जास्त शब्द असले की माझा आवाज चढतो. बुधवारी कमलला सोडलं आणि रोजच्या जागी उभा राहिलो. ठरवलं होतं, ते चहा घेऊन येतील, तेव्हा म्हणायचं आणि त्यांच्याबरोबर आत जायचं. चहा आला नाही. पुष्कळ वेळ आला नाही. मला काय वाटलं सांगू? मला राग आला. वाटलं, विसरले मला.

मग कमल बाहेर आली. "अहो, खांबेटे भावजी दवाखान्यात आहेत. बरं नाही म्हणतात." हातात चहा नव्हता. आणि बघा, मंडळी, तेव्हाही मी आत गेलो नाही. घरी गेलो.

मुलगा म्हणाला, उद्या जाऊ भेटायला. मी म्हटलं, रविवारी जाऊ. मला भीती वाटली. दवाखान्यात दारावर काय विचारतील, मी कोण म्हणून सांगायचं, वहिनी तोंडावर दार लावतील का. मी फार घाबरट माणूस आहे, जे ओरडतात ते असतात. शनिवारी खांबेटे गेले.

आज इथे बोला म्हणून निखिलचा फोन आला तेव्हा मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "आजोबा, शैलाकाकूंनीच तुमचं नाव सांगितलंय." मग मी वहिनींकडे गेलो. दार उघडंच होतं. त्यांना म्हटलं, मी त्यांना भरसभेत असं बोललो आणि तुम्ही मला बोलायला लावता? त्या म्हणाल्या, "अण्णा, हे दर बुधवारी घरी आले की मी विचारायची, आज किती जण होते? हे आकडा सांगायचे आणि म्हणायचे, आणि आर्नहेमचं एक मत बाहेर उभं आहे. येईल."

येईल म्हणायचे.

एवढी गावं हिंडून त्यांनी मतं गोळा केली. सगळी मिळाली, सगळी वापरली. त्यांना न मिळालेलं एकच मत, ते सायकली उभ्या करत होतं. आणि मी विचारलं होतं, आम्हाला विकून काय घेतलंत? माझ्या बायकोचं हसणं घेतलं होतं त्यांनी, निखिलकडून मागून. स्वतःसाठी खुर्चीसुद्धा नाही.

वहिनी, जो शब्द मी या माइकवर बोललो तो याच माइकवर परत घेतो. ज्यांनी तो फोनमध्ये उतरवला त्यांनी हाही उतरवा. खांबेटे, माझं चुकलं. आवाज चढला नाही, बघा.

निखिल, त्या खोलीत फोटो लावा, नका लावू, तुमची मर्जी. बुधवार तेवढा मोडू नका. तो त्यांनी तुमच्याकडून घेतलेला आहे.

माझा मुलगा खूण करतोय, वेळ झाली. आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या. मी उभाच आहे, मला सवय आहे. त्या दोन मिनिटांत कुणी काही बोलू नका, मीही बोलणार नाही.

आणि येत्या बुधवारी माझ्यासाठी चहा बाहेर आणू नका. मी आत येणार आहे.

खांबेटे, आर्नहेमचा नमस्कार घ्या.