धोंड्यावरचे तीन ठोके

पुरवणी जबाब, दि. २७ सप्टेंबर, शनिवार, दुपारी १२.१०

माझे नाव आवडी महिपती पाटेकर, वय ५२ वर्षे, धंदा मासळी विक्री, राहणार दासगाव, ता. महाड, जि. रायगड.

मी आपणहून ठाण्यात हजर राहून सांगते की, बेपत्ता उज्वला ही माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा राजेंद्र हा माझा दीर असून तो अटकेत आहे. १९ तारखेला सकाळी माहेरी जाण्यावरून त्यांचे भांडण झाले, ते शेजाऱ्यांनी ऐकले. त्यावरून उज्वलाचा भाऊ अश्विन याने तक्रार दिली. २० तारखेच्या जबाबात मी 'मला काही माहीत नाही' असे सांगितले होते. ते खोटे होते. मी घाबरले होते.

मी रोज सकाळी सातला सावित्रीच्या काठी एका सपाट धोंड्यावर मासळी साफ करते. हायवेवरच्या खानावळीला साफ केलेली लागते. काम झाले की खवले झाडायला फळी धोंड्यावर तीनदा आपटते आणि आतडी पाण्यात टाकते. चार वर्षांपूर्वी एक मगर ती खाऊ लागली. पुढे पुढे फळी आपटली की ती पलीकडच्या काठावरून पाण्यात उतरायची. वरून फक्त डोळे आणि नाक दिसते, ते बुडाले की कुठे आहे ते कळत नाही. मग एकदम पायाशी तोंड वर यायचे. मुंबईचे पाहुणे व्हिडिओ काढायचे. मला त्याचा तोरा होता, हे खरे आहे.

राजेंद्र मला दोनदा म्हणाला होता, "वयनी, जनावराला चटक नको लावू गो." मी त्याला हसले होते.

नवरात्रापूर्वी आमच्याकडे घरातल्या सगळ्या गोधड्या धुतात. त्या नळावर होत नाहीत. १९ तारखेला मी महाडच्या बाजाराला निघताना उज्वला गोधड्या बांधत होती. ती म्हणाली, "बाय, नदीवर जावं तर मगरीची भीती वाटते गो." मी म्हणाले, "माझ्या धोंड्यावर जा. ती मला वळखते, काय करत नाय." तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते.

गोधडी दांडक्याने बडवून धुतात. तोच धोंडा आणि तसाच आवाज. हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही.

मी साडेबाराला परत आले. धोंड्यावर एक गोधडी अर्धी भिजलेली होती, बाकीच्या कोरड्या. दांडका खालच्या झुडपात अडकला होता. आरडाओरडा, रक्त, काही नाही. राजेंद्र शेतातून धावत आला आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरत होता. त्याला चौघांनी धरले. बायकोला मारणारा माणूस असा पाण्यात जात नाही, असे माझे म्हणणे आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सातला फळी आपटून आतडी टाकली. मगर आली नाही. आतडी तशीच वाहत गेली. चार वर्षांत असे कधी झाले नव्हते. पोट भरलेले असले की मगर कित्येक दिवस तोंड हलवत नाही, हे आम्ही नदीकाठचे लोक जाणतो. तिसऱ्या दिवशी मला कळून चुकले. तरी मी गप्प राहिले.

आज सकाळी मी मासळी नेली नाही. शेजारीण साळूबाई हिला वर बांधावर उभे केले आणि उज्वलाच्या दांडक्याने धोंड्यावर तीनदा मारले. पलीकडे पाणी हलले. मी मागे पळाले. वळून पाहिले तर ती धोंड्याला लागून तोंड उघडून थांबली होती. मी पळाले तरी ती बराच वेळ गेली नाही. साळूबाईने ते पाहिले आहे.

राजेंद्रला सोडावे. त्या धोंड्याकडे कोणाला जाऊ देऊ नये. पंचांसमोर पुन्हा आवाज करून दाखवायचा असेल तर मी दाखवीन. मला फार भीती वाटते, पण दांडका दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नये.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच लिहिला आहे. मी उज्वलाला काय म्हणाले, ते वाक्य गरजेचे नाही म्हणून साहेब गाळणार होते. ते मी ठेवायला लावले. राजेंद्रला कोणीतरी हे वाचून दाखवेल.

निशाणी डावा अंगठा, आवडी महिपती पाटेकर