कोरी राहिलेली ओळ

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, ओटीवर जागा आहे. पायरी मात्र मोकळी ठेवा. ती का, ते सांगतो.

आगरपाड्यातली माणसं आली आहेत, वाडीतली आली आहेत, माणिकपुराकडून आंतोनभाऊ आणि त्यांच्या गावची मंडळी भर उन्हातून चालत आली आहेत. जानकीवहिनी समोर बसल्या आहेत. त्यांचा मुलगा गणपत शेजारी आहे. हिराजीभाऊंना जाऊन आज पंधरा दिवस झाले. सभेत मी बोलावं असं ठरलं, कारण मी मास्तर, मला बोलता येतं. वीस वर्षं मी याच शाळेत पोरांना बोलायला शिकवतो आहे. पण आज सकाळपासून चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. चारही वेळा फार छान लिहिलं होतं. म्हणूनच फाडलं.

हिराजीभाऊ कसे होते ते तुम्हाला मी सांगायला नको. खाडीच्या चिखलात त्यांचा जन्म गेला. पावलं कशी होती त्यांची, आठवतात ना? रुंद, भेगाळलेली, बोटं फाकलेली. ते म्हणायचे, "मास्तर, तुमी डोल्यानं बगता, मी तलव्यानं बगतू." आणि आम्ही हसायचो. मी तर जास्तच हसायचो. मला वाटायचं, अडाणी माणूस आहे, गमतीनं बोलतो.

आपला खाडीचा बांध तुम्हाला माहीत आहे. बांध आहे म्हणून आगरपाड्याची भातशेती आहे. बांध आहे म्हणून आमच्या वाडीतल्या बावखलांचं, त्या खोल तळ्यांचं, पाणी गोडं आहे आणि पानवेली जगतात. एका घराचा एक वाटा, असा हा बांध आपल्या आज्यापणज्यांनी वाटून घेतला. ज्याचा बांधावर वाटा, त्याला बैठकीत बोलायचा हक्क. ज्याचा वाटा नाही, त्यानं ऐकायचं. हे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

आणि जुनी रीतही तुम्हाला ठाऊक आहे. उधाणाच्या दिवशी भरती पुरी चढली की सगळ्यांनी बांधाच्या आतल्या अंगानं अनवाणी चालायचं. आपल्या वाट्यावर नाही, दुसऱ्याच्या. जिथे तळव्याला ओल लागेल, तिथे तिवराची फांदी रोवायची. ज्याचा वाटा, त्यानं फांदी लावणाऱ्याच्या समोर तिथे खणायचं. चिंबोरीचं बीळ निघालं तर भरायचं, नाही निघालं तर दोघांनी विडी ओढायची आणि पुढे जायचं. कागद नाही, सही नाही.

ही रीत कोणी मोडली? मी मोडली.

स्वराज्य आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी आपण तिन्ही गावांनी मिळून बांध नव्यानं बांधायचा ठरवला. मोठं काम होतं. करारनामा करायचा ठरलं आणि तो लिहायला मी बसलो. त्याच्या आदल्या वर्षी फांद्यांवरून काय झालं होतं ते आठवतं ना? एका गृहस्थानं लग्नातल्या मानपानाच्या रागानं व्याह्याच्या वाट्यावर सात फांद्या रोवल्या. सात! व्याही दिवसभर खणत बसला, एक बीळ निघालं नाही. पुढे दोन घरांत पाणी पिणं बंद झालं. तेव्हा सगळेच म्हणाले, मास्तर, हा फांद्यांचा तमाशा नको, काहीतरी शहाण्यासारखं करा.

मी शहाण्यासारखं केलं. करारनाम्यात कलम घातलं, की पाया झाला, भराव झाला, चोपण झाली, की प्रत्येक टप्प्यावर ज्यानं त्यानं आपापला वाटा तपासावा आणि तक्त्यावर शेरा द्यावा. दुसऱ्याच्या वाट्यावर कोणी फांदी लावू नये. तक्ता मी माझ्या हातानं आखला. वाटा कोणाचा, कोणी पाहिला, शेरा काय. तीन रकाने. शेरा काय लिहायचा तेही मीच ठरवून दिलं, म्हणजे कोणाला त्रास नको. "पाहिले, ठीक आहे." ज्याला लिहिता येत नाही त्यानं अंगठा करायचा.

तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. याच ओटीवर. मला त्या टाळ्या फार गोड लागल्या.

एकच माणूस उठला. हिराजीभाऊ. ते म्हणाले, "मास्तर, आपला काम आपुनच बगाचा? त्याला बगनं नाय म्हनत." मी म्हटलं, भाऊ, तुमचा तुमच्या शेजाऱ्यावर विश्वास नाही का? लोक हसले. त्यावर ते काय म्हणाले, ते मला अक्षर न अक्षर आठवतं. "बांध मागशी बगू, मास्तर. आदी आपला बगनं कसा चाललंय, ता बगा." किती साधं बोलणं. काम तपासायला सगळेच तयार असतात, तपासायची पद्धत तपासायला कोणी तयार नसतो. मी इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, मला हे कळलं नाही. खरं सांगू? कळलं होतं. पण टाळ्या वाजून गेल्या होत्या.

मग तक्ते भरायला लागले. कसे भरले, ते तुम्हीच आठवा. आंतोनभाऊ जाळं विणता विणता सही करून मोकळे झाले. हसू नका, आंतोनभाऊंनी हे मला आपणहून सांगितलं आहे आणि इथे सांगायची परवानगीही दिली आहे. कोणी अंगणात अंगठा केला, कोणी बैलगाडीत बसून. मी स्वतः शाळा सुटल्यावर टेबलाशी बसून माझ्या वाट्यापुढे लिहिलं, "पाहिले, ठीक आहे." अक्षर माझं सुंदर आहे. बांधावर गेलो नव्हतो.

शेवटच्या तक्त्यात एक ओळ कोरी राहिली, हिराजीभाऊंची. मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, भाऊ, एवढी एक ओळ अडली आहे, अंगठा करा. ते म्हणाले, "मी माज्या बांधाव धा येला फिरलू. मना तो चांगलाच दिसतं. म्हनून दुसरा मानूस धाडा." जानकीवहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "अवो, मास्तर एवढं घरी आलंत, करा ना अंगठा." ते नाही म्हणाले. मी चिडलो. तक्ता गुंडाळला आणि निघालो. दुसरा माणूस मी धाडला नाही. कोणाला सांगितलंही नाही, की त्यांनी माणूस मागितला आहे.

आता पुढचं ऐका. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या घरातही नाही.

त्यांचा वाटा आणि माझा वाटा लागून होता. त्याच वर्षी भाद्रपदातल्या अमावास्येच्या तीन दिवस आधी मी सहज बांधाकडे गेलो होतो. माझ्या वाट्यावर, त्यांच्या हद्दीपासून दोन हातांवर, तिवराची एक फांदी रोवलेली होती. ताजी, पानंही कोमेजलेली नव्हती. कलमानं फांद्या बंद झाल्या होत्या, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाचं असणार? मला इतका राग आला, मंडळी! माझं कलम मोडलं, माझ्या वाट्यावर बोट ठेवलं, आणि ठेवलं कोणी, तर ज्याला सही येत नाही त्यानं. मी फांदी उपटली. खाडीत भिरकावली. जिथे ती होती तिथे टाच दाबली. टाचेखाली मऊ लागलं.

मऊ लागलं, हे मला समजलं होतं. मी घरी आलो.

अमावास्येला भर दुपारी बांध फुटला. तिथेच फुटला. भगदाड एवढं झालं, की माझा अर्धा वाटा गेला आणि त्यांचा अर्धा गेला. सुरुवात कुठून झाली, हे सांगायला माती उरली नाही. तीन पावसाळे आगरपाड्यात भात धरलं नाही. आमच्या वाडीत बावखलं मचूळ झाली, पानवेली पिवळ्या पडून बसल्या. तुमच्यातल्या कित्येकांनी त्या वर्षांत मिठागरावर रोजंदारी केली. मी शाळेत होतो. माझा पगार चालू होता.

मग याच ओटीवर बैठक भरली. सगळे विचारत होते, चूक कोणाची? आणि मी तक्ता वाचून दाखवला. ओळीनं वाचला. "पाहिले, ठीक आहे. पाहिले, ठीक आहे. पाहिले, ठीक आहे." आणि मग म्हटलं, "हिराजी, कोरी ओळ."

एवढंच म्हटलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. त्यांनी दुसरा माणूस मागितला होता, हे सांगितलं नाही. फांदीचं सांगितलं नाही. लोकांनी काय समजायचं ते समजले. ज्यानं पाहिलं नाही, त्याचाच बांध फुटला. हिराजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले नाहीत. का बोलले नाहीत, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित माझ्या तोंडून यावं अशी वाट पाहत असतील.

त्यांचा वाटा आपण काढून घेतला. पलीकडच्या घराला दिला. बांधावरचं त्यांचं आयुष्य आपण एका दुपारी संपवलं. त्यानंतर बैठक असली, की ते या पायरीवर येऊन बसायचे. आत नाही, बाहेरही नाही. बोलायचा हक्क नव्हता, म्हणून ऐकायला बसायचे. गणपत, तुला पोरांनी शाळेत काय चिडवलं, ते मला माहीत आहे. तुझ्या वर्गाला शिकवायला मीच होतो. मी त्या पोरांना गप्प केलं, पण खरं काय ते सांगितलं नाही.

आणि तरी हा माणूस दर उधाणाला बांधावर फिरत राहिला. वाटा नसताना! फांद्या लावत राहिला. तुम्ही त्याला "हिराजीची बाग" म्हणायचात. काही जण फांदी उपटून फेकायचे. पण काही जण, आणि हेही आज कबूल करा, काही जण कोणी बघत नाही असं पाहून तिथे खणायचे. आपला बांध त्यानंतर फुटला नाही. तो माझ्या तक्त्यांमुळे टिकला असं वाटतं का कोणाला?

गेल्या भाद्रपदात माझ्या वाट्यावर पुन्हा फांदी दिसली. या खेपेला मी खणलं. कोपरापर्यंत हात आत गेला. बीळ भरलं, चोपलं आणि तसाच चिखलाच्या हातांनी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, भाऊ, बीळ होतं. ते अंगणात टोपली विणत बसले होते. "भरला ना? मंग झाला," म्हणाले. वहिनींना हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला. मी चहा घेतला. ती वेळ होती, मंडळी. ते समोर होते, मी समोर होतो, अंगणात तिसरं कोणी नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, यंदा पाऊस कसा वाटतो? आणि उठून आलो.

यंदा भाद्रपद लागला आणि त्यांना ताप भरला. गणपत बोलवायला आला तेव्हा मी शाळेत होतो. शाळा सुटल्यावर येतो म्हणालो. गेलो तेव्हा ते बोलायच्या पलीकडे गेले होते.

वहिनी, तुमच्या पाया पडायची माझी लायकी नाही. तुमच्या घरची लाज जी गावानं इतकी वर्षं पाहिली, ती माझी होती. तुम्ही ती वाहिलीत. माफी मागत नाही. माफी मागितली, की तुम्ही भल्या आहात, देऊन टाकाल, आणि मी पुन्हा सुटेन.

मी दोन गोष्टी मागतो, त्या या सभेकडे. करारनाम्याची मुदत या दिवाळीला संपते. नव्या करारात ते कलम असू नये, आणि लिहायला मी असू नये. माझं अक्षर पुरे झालं. दुसरं, हिराजीभाऊंचा वाटा गणपतला परत द्या. ज्यांच्याकडे तो गेला त्यांची अडचण होत असेल, तर माझा वाटा त्यांना द्या. पुढच्या बैठकीपासून मी पायरीवर बसेन. ती मोकळी ठेवायला सांगितली, ती यासाठी.

परवा भाद्रपदाची अमावास्या. दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरेल. सगळ्यांनी या. वहाणा घरी ठेवून या. आपल्या वाट्यावर जाऊ नका. माझ्या वाट्यावर पहिलं पाऊल जानकीवहिनींनी टाकावं, आणि त्या जिथे सांगतील तिथे मी त्यांच्यासमोर खणीन.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहायची रीत आहे. पण आज माना खाली घालू नका. खाली बघून आपण पुष्कळ वर्षं काढली. ज्यानं ज्यानं न बघता सही केली, अंगठा केला, त्यानं ही दोन मिनिटं वहिनींकडे आणि गणपतकडे बघायचं. जड जाईल. मलाही जाणार आहे.

हिराजीभाऊ, तुमच्या ओळीपुढचा शेरा आज मी भरतो. पाहिलं होतं. तुम्ही पाहिलं होतं. माझ्या ओळीपुढचा शेरा खोटा होता.

तुम्हाला नमस्कार करतो, भाऊ. उभे राहा, मंडळी.