त्रेचाळीस पेन आणि दोन विमानतळ

(ॲन आर्बर, मिशिगन. प्रितमच्या अपार्टमेंटमधलं स्वयंपाकघर, सकाळचे अकरा. टेबलावर उघडा लॅपटॉप, शेजारी स्पीकरवर ठेवलेला फोन. फोनवर सनीव्हेलहून सोनल, प्रितमची मोठी बहीण. समोरच्या खुर्चीत त्यांची आई, रत्नाबाई. त्यांना नागपूरहून येऊन तीन आठवडे झाले आहेत.)

प्रितम : ...पण ताई, रोमचं विमान सुटतं त्या विमानतळाच्या नावात पॅरिस आहे म्हणून तो पॅरिसमध्ये आहे, असं होत नाही. चांगला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब आहे तो. म्हणजे वर्ध्याला नेऊन विमानात बसवायचं आणि म्हणायचं, चला, नागपूरहून निघालो.

रत्नाबाई : वर्ध्याला काय झालं? तुझी आत्या राहते तिथं.

सोनल : आई, वर्धा बेस्ट आहे. प्रितम, तिथपर्यंत बस आहे ना? सव्वा तास. सगळं शीटमध्ये टाकलंय मी. आणि जरा पटापट बोल, मी कंपनीच्या शटलमध्ये आहे, शेजारचा माणूस झोपलाय. पेमेंटच्या पानावर टायमर चालू आहे. अठरा मिनिटं.

रत्नाबाई : कसला टायमर? कुकर लावला का?

सोनल : नाही गं. तेवढा वेळ तिकिटं आपल्यासाठी धरून ठेवतात. नंतर रेट वाढतो.

रत्नाबाई : म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतो, तसं.

सोनल : एक्झॅक्टली. रुमाल टाकलाय. आता बसायचं.

प्रितम : आई, तू एकदा नीट ऐकून घे. डेट्रॉईटहून पॅरिसपर्यंत मोठं विमान, त्याची काळजी नाही. पुढे मात्र सगळी स्वस्त विमानं. पॅरिस, रोम, बार्सिलोना, लंडन, ॲमस्टरडॅम. आठ दिवसांत पाच शहरं. या विमानांत पाणीसुद्धा विकत, सीट मागे होत नाही आणि सामान म्हणून फक्त पुढच्या सीटखाली मावेल एवढी पिशवी.

रत्नाबाई : मग लाल एसटीच की ती! मी चाळीस वर्षं बसले तिच्यात. उलट तिच्यात टपावर सामान टाकता यायचं.

प्रितम : इथे टप नाही. म्हणून काल त्यांच्या मापाचा खोका कापून ठेवलाय मी. चाळीस बाय तीस बाय वीस. यात मावेल तेवढंच घ्यायचं.

रत्नाबाई : हा खोका? मला वाटलं, तू मांजर पाळणार आहेस.

सोनल : हाहा! सॉरी. शेजारचा उठला.

रत्नाबाई : दोन साड्या मावतील. लंडनला नेसायची पांढरी वेगळी. औषधं, स्वेटर. पण मग माझा डबा नाही मावायचा.

प्रितम : कसला डबा?

रत्नाबाई : आहे एक. ते राहू दे. मला लंडनचं सांग. कोणत्या दिवशी?

सोनल : सहाव्या दिवशी, गुरुवारी. आई, बाबासाहेब शिकत असताना राहिले ते घर मी आधीच मॅपवर पिन केलंय. तू पहिल्या दिवशी तेवढंच मागितलं होतंस, लक्षात आहे माझ्या.

रत्नाबाई : तिथं बसायला किती वेळ मिळेल?

सोनल : भरपूर. प्रितम, सांग तिला.

प्रितम : थांब, मोजतोय. अकरा पाचला उतरतो. पासपोर्टच्या रांगेत एक तास धरू, आपल्यासाठी ती रांग कधी आखूड नसते. मग रेल्वे पन्नास मिनिटं, मग भुयारी गाडी. घराशी पोचायला दोन तरी वाजतील. ॲमस्टरडॅमचं विमान सहा चाळीसला. दोन तास आधी पोचायलाच हवं, कारण भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसा तपासून घ्यायला खिडकीवर उभं राहावं लागतं. म्हणजे तिथून निघायचं... ताई, हे विमान त्याच विमानतळावरून आहे ना?

सोनल : हो, लंडनहूनच.

प्रितम : लंडनहून, पण कुठल्या? उतरतो स्टॅनस्टेडला. आणि तू जे निवडलंयस ते सुटतं ल्यूटनहून.

सोनल : ...ओह.

रत्नाबाई : काय झालं?

प्रितम : दोन वेगळे विमानतळ आहेत, आई. दोन्हींच्याही नावापुढे लंडन लिहिलेलं, आणि दोन्ही लंडनच्या बाहेर, वेगवेगळ्या वाटांना.

रत्नाबाई : एक वर्ध्याला, एक उमरेडला.

सोनल : आई, प्लीज! शीटमध्ये फक्त ‘लंडन’ लिहिलं गं मी. शहराच्या नावानं सॉर्ट केलं. मी रोज लाखो युझर्सचे बग्ज शोधते, आणि हा मला दिसला नाही.

प्रितम : बिघडलं काही नाही, जमतं अजून. घरापाशी एक तास वीस मिनिटं मिळतात. फार तर.

रत्नाबाई : ऐंशी मिनिटं.

सोनल : म्हणजे फोटो होतील आई. आतून-बाहेरून, व्हिडिओपण. अकरा मिनिटं राहिली, काय करू?

रत्नाबाई : ऐंशी मिनिटं म्हणजे... दोन-दोन मिनिटं धरली तर शहाऐंशी होतात. मी काही भरभर लिहीत नाही आता. बोटं आखडतात.

प्रितम : काय लिहायचंय तुला तिथे?

रत्नाबाई : काही नाही. जमवीन मी. तुम्ही पोरांनी एवढं शोधलंय, रात्र-रात्र जागून. घ्या तिकीट.

प्रितम : आई, डबा दाखव.

रत्नाबाई : अरे, काही नाही त्यात.

प्रितम : ताई, थांब. बटण दाबू नकोस. आई, कुठे आहे डबा?

रत्नाबाई : त्या कपाटात, तुझ्या पुस्तकांमागं. बघ, पण सांभाळून उघड. एक शाईचा आहे, प्लॅस्टिकमध्ये बांधलाय. इथं येताना विमानातच थोडा गळला तो.

सोनल : काय आहे? मला दिसत नाहीये. कॅमेरा ऑन कर.

प्रितम : मोतीचुराचा डबा आहे. आत पेन आहेत.

सोनल : पेन? किती?

रत्नाबाई : त्रेचाळीस.

सोनल : आई, तू अमेरिकेत त्रेचाळीस पेन आणलेस? इथे बँकेत फुकट मिळतात!

रत्नाबाई : हे नाही मिळत. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलीय बघ. आपल्या विहारात माझा संध्याकाळचा वर्ग होता ना, बायांचा, त्या सगळ्यांचे आहेत. मी लंडनला जाणार म्हणल्यावर म्हणाल्या, बाई, आम्हालाही न्या. म्हटलं, तुम्हाला कशी नेऊ? मग छबूबाईच म्हणाली, आमचे पेन न्या.

प्रितम : आणि तिथे जाऊन काय करायचं?

रत्नाबाई : जिचा पेन, त्यानं तिचं नाव लिहायचं. एकाच वहीत. त्या दारात बसून. आत बसू दिलं तर आत, नाही तर समोरच्या फूटपाथवर. पाया पडणं नाही, नवस तर नाहीच. ते आम्ही विहारात शिकवत नाही. वही परत आणायची आणि विहारातल्या वाचनालयात ठेवायची. पुढच्या पोरींनी बघावं, आपल्या आज्या कुठं जाऊन आल्या.

सोनल : आई... तू हे आधी का नाही सांगितलंस?

रत्नाबाई : तू रोममधलं कारंजं दाखवत होतीस तेव्हा सांगू? किती खुशीत होतीस. म्हणत होतीस, आई, तू जन्मभर दुसऱ्यांच्याच सहलींचे फोटो बघितलेस. मला वाटलं, हिला पाच शहरं दाखवायची आहेत मला. माझं ते मी मध्ये कुठंतरी बसवून घेईन.

प्रितम : ताई, ऐक. या चिठ्ठीवर लिहिलंय, ‘अहिल्याबाई. रिटायर झाल्याची सही.’

रत्नाबाई : झाडूखात्यात होती ती. एकतीस वर्षं पगाराला अंगठा लावला. शेवटच्या दिवशी साहेबानं शाईचं पॅड पुढं केलं, तर हिनं पदरातून हा पेन काढला. पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. साहेब म्हणाला, एवढी मोठी सही? तर म्हणे, साठवून ठेवली होती.

सोनल : ओ गॉड.

प्रितम : आणि हा शाईचा?

रत्नाबाई : तो छबूबाईचा. एकसष्टाव्या वर्षी शिकली. पहिलं काय लिहिलं असेल? नाल्याचा अर्ज! महापालिकेला.

सोनल : मग नाला झाला?

रत्नाबाई : नाला कुठला होतो! पण अर्जाची पोच मिळाली. ती पोच फ्रेम करून लावलीय तिनं घरात. पाहुणा आला की आधी पोच दाखवते, मग चहा.

सोनल : मी... एक सेकंद. शेजारचा माणूस मला टिश्यू देतोय. थँक यू. नो, नो, आय ॲम फाइन. हॅपी थिंग. माय मॉम.

प्रितम : बाबांचा पेनही आहे का यात?

रत्नाबाई : मागितला होता. म्हणाले, मग मी शब्दकोडं कशानं सोडवू? सुभाषराव म्हणजे सुभाषरावच.

सोनल : चार मिनिटं राहिली. ऐका, माझ्याकडे सोल्यूशन आहे. ॲमस्टरडॅमचं विमान शुक्रवारी सकाळचं घेऊ, बार्सिलोना अर्ध्या दिवसात...

प्रितम : नको.

सोनल : काय नको?

प्रितम : ताई, मला थोडं बोलू दे. मी फार बोलत नाही, म्हणून मध्ये तोडू नकोस. स्वस्त विमानं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी एकटा असतो तर हाच खोका पाठीला लावून पाच काय, सात शहरं केली असती. शेतातल्या विमानतळावर उतरून बसची वाट बघणंही मला आवडलं असतं. पण तो हिशेब ज्याला कुठेही पोचलं तरी चालतं त्याच्यासाठी आहे. आईला एकाच दारात पोचायचं आहे. मग आपण चार वेळा उतरायचं कशासाठी?

सोनल : पण युरोप म्हणजे... आयफेल टॉवर, प्रितम. मला तिला ते सगळं द्यायचं होतं.

प्रितम : मलाही. चार वर्षं व्हिडिओ कॉलवर मी तिला काय दाखवलं? हे स्वयंपाकघर आणि खिडकीतलं बर्फ. तिनं विचारायचं, जेवलास का, आणि मी हो म्हणायचं. ती आली तर सगळं जग एकदम दाखवून टाकू, असं वाटलं मला. त्या घाईत तिला काय बघायचंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

रत्नाबाई : जेवायचास का पण खरंच?

प्रितम : कधी कधी नाही.

रत्नाबाई : ठाऊक होतं मला. आवाजावरून कळायचं.

सोनल : दोन मिनिटं.

प्रितम : डेट्रॉईट ते हीथ्रो, थेट. आठ दिवस लंडन. त्याच घराच्या जवळ खोली घेऊ. आज दहा नावं, उद्या दहा. बोटं दुखली की बाग आहे जवळ, तिथे बसू. डबाभर पेन मोठ्या बॅगेत.

रत्नाबाई : आणि हा खोका?

प्रितम : मांजर पाळतो.

रत्नाबाई : हाहाहा! बाप्पा, हा बोलायला लागला की असा बोलतो! काहून रे, इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंस हे?

सोनल : आई, तू नक्की सांग. मनापासून. आयफेल टॉवर नाही दिसणार.

रत्नाबाई : तो काय पळून जातोय? लोखंडाचा आहे. तू मला फोनवर दाखव, मी मान वर करून बघीन, म्हणजे खरं वाटेल.

सोनल : ओके. टायमर... गेला. झीरो. ‘तुमची निवड रद्द झाली आहे.’

रत्नाबाई : रुमाल उचलला?

सोनल : उचलला. गंमत म्हणजे छान वाटतंय. प्रितम, थेट विमान कितीला सुटतं?

प्रितम : संध्याकाळी. सकाळी लंडन.

सोनल : सॅन फ्रान्सिस्कोहून पण थेट आहे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. बॉसला मेसेज टाकतेय. टाकला.

प्रितम : ताई, तू येतेयस?

सोनल : मी शीट बनवली रे, त्यात माझंच नाव नव्हतं. हा आणखी एक बग. आई, वहीत जागा आहे का?

रत्नाबाई : दोनशे पानी आहे.

सोनल : पण माझ्याकडे पेनच नाही गं. लिटरली एकही नाही. सगळं फोनवर. थांब, आज दुपारी एक छानसा विकत घेते. नवा, तुझ्यासाठी.

रत्नाबाई : नवा नको, बाई. तुझ्या पहिल्या नोकरीच्या कागदावर सही केलेला पेन माझ्याकडे आहे, तू नागपूरला टेबलावर विसरून गेली होतीस तो. चव्वेचाळिसावी चिठ्ठी मी निघतानाच बांधलीय.