भिजत घातलेलं गुलाबी बी

हॅलो? … हो अक्का, मीच. … नाही गं, रडत नाहीये, नाक चोंदलंय. … बरी आहे! अन्विता बरी आहे, अगदी बरी आहे. ती ताटली बडवतेय, ऐकू येतंय ना? तीच. दहीभात चाललाय. अर्धा पोटात, अर्धा फरशीवर.

… म्हण. म्हणून टाक एकदाचं. … हो, सांगितलं होतंस. ‘मायक्रोग्रीनला बी स्वयंपाकघरातल्या डब्यातलं घे सहना, शेतावरचं पेरणीचं बी घरात आणू नकोस.’ शब्द न् शब्द आठवतोय. तुझ्या सासरचं, सोसले गावातलं ते वासरू, बियाण्याची पिशवी चाटली आणि दोन दिवस उठलं नाही, तेही सांगितलं होतंस. आणि मी काय म्हटलं? ‘माझी अन्विता काय वासरू आहे?’

… हस. हस तू. आता हसायला हरकत नाही.

… कोणी सांगितलं तुला? चिदंबर मामांनी? … रडत होते? अय्यो… अगं, त्यांचा काय दोष त्यात! मी त्यांच्याकडे मागितलं काय, तर ‘मामा, पेरायला सूर्यफुलाचं बी आहे का थोडं?’ पेरायला म्हटल्यावर शेती करणारा माणूस पेरायचंच देणार ना? औषध चोळलेलं. पिरियापट्टणच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती पिशवी दिली, वर दोनदा फोन, ‘मिळाली का, मिळाली का.’ त्यांना कसं कळावं की त्यांची भाची ते नारळाच्या भुशात पेरणार, आठवड्याभरात कात्रीनं कापणार आणि कच्चंच खाणार? त्यांचं सूर्यफूल माणसाएवढं वाढतं गं. माझं बोटभर झालं की संपलं.

… दिसत होता की रंग. भडक गुलाबी. मला वाटलं, वाणच तसा असेल. … हो, हो, बी.कॉम. फर्स्ट क्लास. बी.कॉम.ला बियाणं नव्हतं अक्का.

… सांगते ना. पण पहिल्यापासून सांगते, मध्ये बोलू नकोस. … बघ, बोललीस.

काल झोपताना वाडगाभर बी भिजत घातलं. सूर्यफुलाचं टरफल जाड, रात्रभर भिजवल्याशिवाय फुटत नाही. सकाळी बघते तर पाणी असं सुंदर झालेलं, बीट उकडल्यावर होतं ना, तसं. मग मी काय करावं? फोटो काढला. स्टेटसला टाकला. … हो, खाली बदामाचं चित्र टाकून. … तू बघितलास ना तो? मग तुला का नाही सुचलं? … बरं, बरं. भांडत नाही.

मामांनी बघितला. मामा उठल्याबरोबर आधी सगळ्यांचे स्टेटस बघतात, मग दात घासतात. यापुढे त्या सवयीला घरात कोणी हसायचं नाही, सांगून ठेवते. लगेच फोन. ‘सहना, ते पाणी कोणाच्या तोंडात जाऊ देऊ नकोस, त्या बियाला औषध आहे.’ मी गॅलरीत होते. कोकोपीटची वीट पाण्यात टाकलेली, ती फुगत होती, मी कोपरापर्यंत भुशात हात घालून मोकळी करत होते. फोन खांद्यावर धरलेला. वाडगा आत, स्टुलावर. मामा बोलतायत, आणि मी मागे वळून बघते तर…

… हो.

स्टुलापाशी उभी. एक हात वाडग्यात. ओठ गुलाबी. अक्का, हनुवटीपर्यंत गुलाबी.

… नको, नको, तू रडू नकोस आता. मी सांगतेय ना, बरी आहे म्हणून? ऐक. ताटली आता खाली टाकली. ऐकलंस? तेच. आता उचलायला लावील.

… उलटी? नाही काढली. सासूबाई मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या होत्या, घोट घोट पाजते म्हणाल्या. मी त्यांच्या हातातून पेला ओढून घेतला. हो, ओढला! सासूबाईंच्या हातातून! आयुष्यात पहिल्यांदा. कुठेतरी वाचलं होतं की औषध पोटात गेलं तर आपल्या मनानं उलटी करवायची नाही. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले. त्या वेळी मात्र सासूबाई नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. … नाही, रागावल्या नाहीत. म्हणजे, माहीत नाही. अजून त्या विषयावर बोललो नाही.

तोंड धुतलं, हात धुतले, फ्रॉक बदलला, रिक्षा. श्रीनिधी ऑफिसला निघाला होता, तो तसाच आला. रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसलाय आणि सारखा विचारतोय, ‘अन्वी, किती खाल्लंस? बी खाल्लंस का?’ पावणेदोन वर्षांचं पोर! ती सांगतेय, ‘बू बू.’ तिचं सगळंच बू बू असतं. … नाही, शुद्धीवर होती गं, मजेत होती. तेच तर भयंकर. ती मजेत आणि आम्ही दोघं पांढरेफटक.

मामांनी तोपर्यंत बियाण्याच्या मूळ पिशवीचा फोटो पाठवला होता, कसलं औषध ते डॉक्टरांना लगेच कळलं. मग बॅटरीनं डोळे बघितले, नाडी, छाती, पोट दाबून बघितलं. ‘बी चावलं की गिळलं? किती गिळलं?’ विचारत होते. आम्हाला काय माहीत! मी वाडग्याकडे बघितलं होतं ना, त्यातलं बरंच बी कमी झालेलं. मूठभर तरी. मूठभर पोटात गेलं असेल तर… अक्का, मी मनात नाही नाही ते…

… थांब, पुढचं ऐक. हे तुला ऐकायलाच हवं.

श्रीनिधी लंगडत होता. मी म्हटलं, याला काय झालं? नर्स म्हणाली, ‘सर, पायाला लागलं का?’ हा म्हणतो, नाही, बुटात खडा गेलाय, राहू दे. नर्स म्हणाली, बसून काढा ना, किती वेळ तसेच फिरताय. त्यानं बूट काढला. उलटा केला.

सगळं बी बुटात!

… अगं हो! ओलं, गुलाबी, बुटातून खळकन फरशीवर. मोजा गुलाबी, टाच गुलाबी. तिनं मूठ मूठ काढून बाबाच्या बुटात भरलेलं. तिला हल्ली सगळं कशात तरी भरायचं असतं ना! मागच्या आठवड्यात माझ्या पर्समध्ये मूगडाळ भरली होती, मी ओरडले होते तिला. यापुढे नाही ओरडणार. जे भरायचं ते भर म्हणावं, तोंडात तेवढं नको.

… मी? मी तिथेच बाकावर बसले, तो बूट मांडीवर घेतला आणि ढसाढसा रडले. लोक बघत होते. एका बाईंना वाटलं, बुटाचा मालक गेला. … खरंच सांगते! त्यांनी पाठीवरून हात फिरवला माझ्या. आणि मालक एका पायावर समोर उभा.

डॉक्टर हसले तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. ‘एनू आगल्ल,’ म्हणाले, काही होणार नाही. बोटं चाटली असतील, पाणी ओठाला लागलं असेल, एवढंच. तरी सकाळभर ठेवून घेतलं, मध्ये मध्ये बघून जात होते. आता म्हणाले, घरी न्या, रात्रीपर्यंत लक्ष ठेवा. मळमळ, उलटी, सुस्ती, काही वाटलं तर लगेच या. … सुस्ती? हिला? आता खुर्चीवर चढतेय. श्रीनिधी, धर रे तिला!

… हो, झालं सगळं साफ. वाडगा फेकून दिला. स्टूल तीनदा पुसलं, ओटा तीनदा. … नाही, कोकोपीट कशाला टाकू? त्यात अजून काही पेरलंच नव्हतं, नुसता भुसा आहे तो. … मेथीचा ट्रे आहे, मोहरीचा आहे, ते घरातल्या डब्यातलंच बी. ते चांगलंय. मला वाटलं, आता सासूबाई सगळंच उचलून टाकायला लावतील. एरवी त्या म्हणतातच ना, ‘तुमचं गवत किती वाढलं?’ तर घरी येऊन बघते, मेथीला पाणी घातलेलं! आम्ही हॉस्पिटलात, आणि यांनी सकाळी पाणी शिंपडून वर ओलं फडकं झाकून ठेवलंय. मी विचारलं तर म्हणतात, ‘मग काय, वाळू द्यायचं होतं?’ … हो ना. पेल्याचं काही मनात ठेवलं नाही असं वाटतंय. संध्याकाळी कॉफी करून देताना विचारीन.

… बी? उरलेल्याची पिशवी बांधून कपाटाच्या वर ठेवलीय. कचऱ्यात नाही टाकली, गाई तोंड घालतात. मामांकडेच परत पाठवते, पेरतील ते. … सगळी गं. म्हणजे, उरली होती तेवढी. अर्धीच होती माझ्याकडे. अर्धी…

अक्का.

अक्का, थांब.

अर्धी मी सरांना दिली.

… तिरुमलराव सर गं! आपले गणिताचे सर, तुझ्याच मागच्या गल्लीतले. … अगं, त्यांच्या पत्नी वारल्यापासून एकटेच असतात, नुसते खिडकीत बसून असायचे, म्हणून मीच त्यांना मिठाईच्या डब्यात कोकोपीट भरून दिलं होतं उन्हाळ्यात. आता वेड लागलंय त्यांना. गॅलरीभर डबे. मामांची पिशवी आली त्याच संध्याकाळी मी तुमच्या बन्नीमंटपाला येऊन त्यांना अर्धी देऊन गेले. त्यांनी लगेच पेरलंही असणार! मीच थांबले, हिला सर्दी होती म्हणून. … हो, तेच बी. गुलाबी. तेच.

थांब, लाइनवर राहा, मी त्यांना लावून बघते. ठेवू नकोस हं…

… अक्का? आहेस? नाही उचलत. पूर्ण वाजला. … माहितीय, पूजेला बसले की फोन आतल्या खोलीत ठेवतात, त्यात ऐकू कमी येतं. असंच असेल. असंच असेल ना? … एक मिनिट. त्यांचा मेसेज आहे. सकाळचा. मी हॉस्पिटलात बघितलाच नाही…

फोटो पाठवलाय.

हिरवेगार आलेत गं. दोन-दोन जाड पानं, कुठे कुठे टोकाला टरफल अजून चिकटलेलं. गुलाबी टरफल. खाली लिहिलंय, ‘सहना, तुझी सूर्यफुलं तयार. आज कोसंबरीत कच्चीच घालतो.’

… नाही, नाही, घाबरत नाहीये. ऐक. किती वाजलेत? … एक? मग वेळ आहे. त्यांची पूजा, मग स्वयंपाक, दोनशिवाय पानावर बसत नाहीत. माझ्या लग्नातसुद्धा दोनलाच जेवले होते. वेळ आहे अक्का. पण तू जा. मला इथून यायला अर्धा तास, शिवाय हिला सोडून… तू दोन मिनिटांत पोचशील. … गॅस बंद कर, कुकर राहू दे! चप्पल घाल आणि जा.

… काय सांगायचं म्हणजे? सांग, त्या बियाला औषध होतं, सहनाला माहीत नव्हतं. विश्वास नाही ठेवणार ते. म्हणतील, ‘मी आठवडाभर वाढवलंय, चांगलं धुतलंय.’ वाद घालू नकोस, गणितात कोणी जिंकलंय त्यांच्याशी? धुऊन जात असेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. सरळ डबे उचल आणि तुझ्या घरी घेऊन ये. कोसंबरी केली असेल तर तीही. जेवण तुझ्याकडून दे ना आज. सांबार असेल ना? … मग झालं.

… आणि जेवले असतील तर… तर बस त्यांच्यापाशी. ‘मला काही झालं नाही’ असंच म्हणतील, ते ऐकू नकोस. मळमळतंय का विचार, पाणी दे, मला फोन कर. श्रीनिधी डॉक्टरांना विचारेल, गाडी घेऊन येईल. … हो, हो, साकु, पुरे, किती बोलू मी, तू निघ आता. जिन्यात आहेस ना? … गेट उघडल्याचा आवाज आला मला. बरं वाटलं.

आणि अक्का, ऐक, बेल दाबत उभी राहू नकोस, ती त्यांना ऐकू जात नाही. कडी वाजव. जोरात वाजव… ते दार उघडेपर्यंत.