चंद्र नको, तिसरा मजला दाखव

नाही नाही, चंद्र नको दाखवू बाप्पा मले. मघा त्या दुसऱ्या भाऊनंबी चंद्रच दाखवला. ह्या कॅमेऱ्यातून म्हणे चंद्रावरचे खड्डे दिसतात — दिसू दे ना! खड्डे पाहाले चंद्रावर काहून जायचं, हुडकेश्वरले ये, एकेका खड्ड्यासमोर उभी राहून ओळख करून देते तुही. मले तिसरा मजला पायजे. तिसऱ्या मजल्याची गॅलरी, आमच्या गच्चीवरून. मधात रिकामे प्लॉट, एक विजेची डीपी, एक बाभूळ — किती मीटर? मी काय टेप लावून आली का गा? हाक मारली तं ऐकू जाते, एवढं दूर समज. माह्या हाकेची गोष्ट करून राहिली मी, तुह्या नाही. तू मघापासून असा बोलून राहिला जसा काही कॅमेरा झोपला आहे. मी इतवारीतली आहे, भांड्याच्या ओळीत माह्या बाबाचं दुकान होतं — तिथं हळू बोलणारं माणूस हातगाडीखाली येते.

कशाचे फोटो काढायचे? पक्ष्यांचे. हो, पक्ष्यांचे, असा काय पाहते? आमच्या ह्यांले नाद आहे. विजेच्या खात्यातून रिटायर झाले अन पक्ष्यांच्या मागं लागले. चाळीस वर्षं खांबावर चढून तार पाहिली, तवा तारेवरचं पाखरू नाही दिसलं, आता दिसून राहिलं. त्यांच्यासाठीच घेऊन राहिली मी. नाही, त्यांले नाही माहीत. ते समजून राहिले का मी रामदासपेठेत दाताच्या डॉक्टरकडे आली. मंग? असू दे ना दात. दात काही कुठं पळून नाही चालला.

बरं, आता पुन्हा एकदा सांग, पण शेंडा-बुडखा धरून सांग. हा जाडा — ह्याचं भिंग निघत नाही, जे आहे ते आहे, पण नाक लांब होते ह्याचं. बटन दाबलं का निघालं बाहेर, निघालं बाहेर — अगं आई, थांबतच नाही! आमच्या शेजारच्या जाऊबाई अशाच मान काढतात कुंपणावरून. अन हा बारका, बिना आरशाचा — त्याचं भिंग काढता येते, दुसरं घालता येते, फोटो निर्मळ येते, अंधारातबी येते. पण दूरचं पाहाचं असलं तं दुसरं भिंग घ्या, ते ह्या कॅमेऱ्याहून महाग. म्हणजे सून करून आणली अन मंग समजलं का स्वयंपाकाचं वेगळं सांगावं लागते. हसू नको, खरं सांगून राहिली. ह्या जाड्याच्या आतला तो जो चित्र पकडते तो — हां, सेन्सर — तो करंगळीच्या नखाएवढा, अन ह्याचा टपालाच्या तिकिटाएवढा. म्हणून ह्याचा फोटो साफ. बरोबर आहे ना? मी काही अडाणी नाही, समजावून सांगितलं तं समजते. फक्त तू त्या डोकं खाणाऱ्या आकड्यांवर नको जाऊ.

आण तो जाडा इकडं. काचेतून बाहेर पाहू? तो समोरचा ज्यूसवाला — थांब, कुठी गेला — सगळं नुसतं हालून राहिलं गा, भूकंपावानी. कोपर टेकू? टेकलं. हां... आला. आला! अरे वा. अरे वा वा वा. त्याच्या बनियनचं भोक दिसून राहिलं मले. नाकात बोट घातलं त्यानं — अन त्याच हातानं... जाऊ दे, कोणाचा धंदा काहून बुडवाचा. तू तिथून ज्यूस पिते का? नको पिऊ. चांगला आहे बाप्पा हा कॅमेरा. ह्यातून माणसाच्या चेहऱ्यावरचं समजते. जेवलं का नाही, रडलं का, सर्दी आहे का — एवढं पाह्यलं म्हणजे झालं.

पाखराले सर्दी कुठून होईन, तेच म्हणून राहिला ना तू? तोंडावर दिसून राहिलं तुह्या. अंकुश लिहिलं आहे बिल्ल्यावर — अंकुश, तू भलता हुशार आहे गा. बरं, ऐक मंग. माह्यी नात राहते तिथं. सोनिका. पाच वर्षांची झाली. माह्या पियूषची पोट्टी. आमच्या घरीच वाढली ती, माह्या मांडीवर, मंग त्यांनी तिथं फ्लॅट घेतला. भांडणानं नाही! सगळे हेच विचारतात. भांडण झालं असतं तं बरं झालं असतं, दोन दिवस तोंड वाजलं असतं अन मंग पोहे खाल्ले असते सगळ्यांनी.

सून चांगली आहे. वेदिका. पुण्याची. मी तिले वाईट म्हणणार नाही, कोणी म्हटलं तं मी ऐकूनबी घेणार नाही. आल्या आल्या पहिल्याच हप्त्यात मी तिले म्हटलं, वेदिका, वांग्याच्या भाजीवर सांबार टाक वं. अन मी गेली देवाजवळ. ही बिचारी स्वयंपाकघरात उभी. सांबार कुठून आणणार? पण नवी सून, विचाराले लाजली. तिनं डाळ शिजवली, चिंच कोळली, दुकानातून मसाल्याची पुडी आणली, अन इडलीसोबत खातात तो सांबार करून माह्या वांग्याच्या भाजीवर ओतला! दीड तास! मले काय माहीत तिकडं त्याले कोथिंबीर म्हणतात ते. आम्ही सगळ्यांनी खाल्ली ती भाजी. ह्यांनी तं दुसऱ्यांदा घेतली. अन खरं सांगू? चांगली लागली. किती हसलो आम्ही, तीबी हसली, डोळ्यातून पाणी येतपर्यंत. तवा बरं होतं.

मंग पोट्टीच्या शाळेचं आलं. मोठी शाळा, नाव नाही सांगत. तिथं तीन वर्षांच्या लेकरालेबी प्रश्न विचारतात — रंग सांग, फळ सांग. बाईनं विचारलं, बेटा, तुला काय आवडतं? तं सोनिका म्हणे, मले भूक लागून राहिली, तुह्याजवळ काय आहे? आता मले सांग, काय चुकलं ह्याच्यात? एवढं सरळ उत्तर त्या शाळेत आजवर कोणी दिलं नसेल. पण तिथं घेतलं नाही तिले. त्याच कारणानं नाही घेतलं का कशानं, देव जाणे, पण वेदिकाच्या मनात ते बसलं. मले काही बोलली नाही ती. फक्त त्या दिवसापासून पोट्टी माह्याजवळ असली का ती खोलीत यायची अन तिथंच काहीतरी घडी घालत बसायची. तेच ते कपडे. घडी मोडायची अन पुन्हा घालायची. मंग फ्लॅटचं निघालं.

तू कुठचा गा, अंकुश? उमरेडचा? म्हणजे आपल्याच इकडचा! मंग मघापासून 'मॅडम मला वाटतं', 'मला विचाराल तर' काय लावलं आहे तू? मालकानं सांगितलं का असं बोलाले? अन मायले फोन लावते तवा? तवा काय म्हणते — मले सांग ना. हं. मले वाटलंच होतं. लाजू नको, मी कोणाले सांगते थोडी.

मी काहून जात नाही तिथं, हे विचारून राहिला ना? आमचे हे जातात की रोज. टमाटर घेऊन जातात, रिकामी पिशवी घेऊन येतात. मी विचारते, कशी आहे पोट्टी? म्हणतात, बरी आहे. काय करून राहिली होती? खेळून राहिली होती. काय बोलली? बोलली काहीतरी. आता ह्याच्यात मी काय समजायचं? मोबाइलवर फोटो काढून आणतात तं त्यात अर्धा त्यांचा अंगठा. वेदिका स्टेटसले फोटो टाकते, पण स्टेटसमधी काय, सगळे हसूनच राहतात. ह्यांले तिथं कोणी काही म्हणत नाही, कारण तोंडच उघडत नाहीत ते. माह्यासारख्या बाईचं कसं होणार?

वाढदिवसाले गेली होती ना मी. गर्दी होती, वेदिकाच्या माहेरचे आले होते पुण्याहून, सोसायटीतले होते. मी दारातूनच हात पसरले — ये वं सोनू, मले एक पापी दे! अन पोट्टी थांबली गा. नवा झगा घातलेला, कमरेवर दोन्ही हात ठेवले, अन म्हणे, "आजी, मले नसतं, मला असतं." असं. बाईसारखं. सगळे हसले. वेदिका नाही हसली, ते मी पाह्यलं, खोटं नाही बोलणार. पण बाकीचे हसले, पियूष हसला, मीबी हसली — सगळ्यात जोरानं मीच हसली, इतवारीचा गळा आहे. पापी दिली तिनं. पण मंग मले बोलताच येईना, अंकुश. खरं सांगते. एक शब्द तोंडावर आला का मी आधी त्याले पाहो — हा बरोबर आहे का? हा इथं चालते का? केक पायजे का म्हणाली तं मान हालवली. पाणी पायजे होतं तं ग्लासाकडे बोट दाखवलं. मी! जिनं भर बाजारात होलसेलवाल्याचा घसा बसवला ती मी, मुक्या बाईसारखी खुर्चीवर बसून राहिली. लाज वाटली गा मले. साठ वर्षांच्या बाईले पाच वर्षांच्या लेकराची लाज वाटली. तेव्हापासून गुडघे दुखतात म्हणून सांगते. गुडघे एकदम मजबूत आहेत माह्ये, गच्चीवर रोज दोनदा चढते.

नको, पाणी नको. काही नाही झालं. एसी जास्त आहे तुमचा, डोळ्यात जाते.

तर कोणता घ्यावा म्हणते तू? हा बारका? फोटो ह्याचाच चांगला येते, माहीत आहे, दहादा सांगितलं तू. पण ह्याले जवळ जावं लागते. जवळ जाऊन काढा, एकदम जिवंत येते म्हणे. तू भला माणूस आहे, पण तुले अजून समजलंच नाही मी काय विचारून राहिली. एक सांग फक्त. हा जाडा, ह्यात व्हिडिओबी होते ना? तिथली पोट्टी इथं एवढी मोठी दिसते, हालते, बोलते. मंग तिचा आवाज? आवाज येते का तिथला? नाही? चित्र जवळ येते पण आवाज जिथला तिथंच राहते? म्हणजे माह्या गच्चीवरच्या चिमण्यांचा येईल, अन माह्याच खोकल्याचा. तिचं नुसतं तोंड हालताना दिसेल. पक्कं सांगून राहिला ना? मंग घरी गेल्यावर ऐकू नको यायले.

मंग हाच बांध. हो, हाच, जाडा. तोंड हालू दे तिचं, काय म्हणून राहिली ते मी माह्या मनानं घालीन. मी म्हणीन, माह्यी सोनू म्हणून राहिली — आजी, मले भूक लागली.

खोका नको देऊ. ह्या पिशवीतच टाक, वरून हे डॉक्टरचे कागद ठेव. अन तू काहून असा उभा राहिला डोळे लाल करून? ते बघ, दारात बाई उभी आहे केव्हाची. जा, तिले चंद्र दाखव.