शिखर नसलेला फोटो

आमच्या दिंडोरीच्या घरी कुणीही आलं, की आई चहाच्या आधी भिंतीवरचा एक फोटो दाखवते. त्याची गंमत सांगतो.

गेल्या थंडीत आम्ही तिला हिमाचलात बर्फातल्या ट्रेकला नेलं. पहाटे द्राक्षबागेत घालते तीच कानटोपी घालून बाई सगळ्यांच्या पुढे! शिखर समोर दिसत होतं, तेवढ्यात गाइड ढगांकडे बघून म्हणाला, "बस, अब नीचे."

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, भडकले. "इतक्या लांब येऊन परत? गावात काय सांगू?"

आता जावयाला आईनं आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणाली, "जावईबापू, डोंगर काय पळून जात नाय. चला खाली." आणि मला म्हणाली, "इथंच आमचा दोघांचा फोटो काढ."

आम्ही तंबूत पोचतोय तोच वर असं वादळ सुटलं, की भाऊजींनी गुपचूप आईच्या पाया पडून घेतलं.

परवा शेजारच्या काकांनी तो फोटो निरखून विचारलं, "वहिनी, ह्यात शिखर कुठंय? नुसते ढगच हायेत."

आई ताठ मानेनं म्हणाली, "शिखरावर गेलो असतो, तरी फोटो ह्याच भिंतीवर लागला असता. फक्त हार घातलेला."