पहिला बेस माझा होता

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे निवड निरीक्षक साहेब, क्लबचे सेक्रेटरी, आजच्या सत्कारमूर्ती, खेळाडू, पालक आणि मागच्या रांगेत चहाची वाट बघत बसलेले माझे अंपायर मित्रहो,

माझं आयुष्य बदललं ते मुलींच्या सॉफ्टबॉल उपांत्य सामन्याच्या सहाव्या इनिंगमध्ये. बदललं म्हणजे सुधारलं, असा गैरसमज कृपया नको.

सत्कारमूर्तींची राष्ट्रीय स्पर्धेसाठी अंपायर म्हणून निवड झाली. उद्या त्या निघताहेत. मैदानावर मी त्यांचा पार्टनर, म्हणून दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. सेक्रेटरींना आता पश्चात्ताप होत असेल.

पालकांसाठी सांगतो, अंपायर वर कसा जातो. लोकांना वाटतं, लेखी परीक्षा दिली की झालं. ती मीही दिली. कॉलेजचा पेपर त्याच दिवशी होता, तो सोडला आणि तिथून कॉलेजच सुटलं. वडील म्हणाले, "लोक शिव्या खायला घाबरतात, तू त्याचा अभ्यास करतोस?" पण खरी निवड मैदानावर होते. जाळीमागे घडीची खुर्ची टाकून निरीक्षक बसतात. सगळं जग चेंडूकडे बघत असतं, हे आमच्याकडे. कुठे उभे राहिलो, कधी वळलो, नजर कुणावर होती. गुण वेगवेगळे, पण बघतात जोडीला एकत्र. एक अंपायर होम प्लेटमागे, दुसरा आत, बेसजवळ. काम वाटलेलं. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या निर्णयात तोंड घालायचं नाही.

त्या दिवशी प्लेटमागे त्या होत्या, बेस माझे. दोघंही जाणार, असं मैदानभर बोललं जात होतं. मी तर मनातल्या मनात बॅगही भरली होती. लांबचा प्रवास, शेजारची सीट... असो. साहेब, घड्याळ बघू नका, लांबवत नाही.

फटका लांब गेला. दुसऱ्या बेसवरची मुलगी होमकडे सुटली. थ्रो आला, कॅचरने बॉल लावून तिला टॅग केलं, धुळीचा लोट उठला. सत्कारमूर्तींनी हात वर केला, "आऊट!" त्या मुलीची कोच धावत आली. "टॅग करताना हातातून बॉल पडला होता, मॅडम! जरा बघा तरी!"

आपण चुकलो असू, हे निरीक्षकांच्या समोर कबूल करायला काय काळीज लागतं, कल्पना आहे? त्या सरळ माझ्याकडे आल्या. मास्क काढला. कपाळावर घामाने चिकटलेली माती.

"पार्टनर, काय दिसलं?"

"बॉल सुटला होता. तुझ्या बाजूने कॅचरची पाठ आड आली. तिने पटकन उचलला."

"नक्की?"

"तुझी शपथ."

"शपथ ठेव खिशात. नक्की का?"

"नक्की."

त्यांनी निर्णय फिरवला. सेफ.

आता समोरच्या संघाची कोच पेटली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं, ती धाव गेली. पण फटका मारणाऱ्या मुलीने पहिल्या बेसला पायच लावला नाही. आमचं अपील आहे. द्या निर्णय."

पहिला बेस माझा होता. आणि मंडळी, मी तिकडे बघितलंच नव्हतं. जे दिसलं नाही त्यावर आऊट देता येत नाही. "सेफ" म्हणालो, आवाज फाटला. ती म्हणाली, "वा! तिकडचा बॉल दिसतो आणि नाकासमोरचा बेस दिसत नाही?" प्रेक्षक खो खो हसले.

सामन्यानंतर निरीक्षक साहेबांनी मला बाजूला घेतलं. "चेंडू बघत होतास?"

"नाही, सर."

साहेबांनी पलीकडे बघितलं. तिथे सत्कारमूर्ती पायांचे पॅड सोडत बसल्या होत्या. "तिला माहीत आहे?"

"नाही."

"मग तिला सोडून सगळ्या मैदानाला माहीत झालंय."

मी भडकलो. म्हटलं, माझ्यामुळेच निर्णय बरोबर आला ना? साहेब म्हणाले, "आला. म्हणून तिला घेतोय." आणि खुर्ची मिटून निघाले. साहेब, तुमचं चुकलं असतं तर आज मी इथे भांडलो असतो. तुमचं बरोबर होतं. माणसाने करायचं काय?

सत्कारमूर्ती मघापासून खुणावताहेत, पुरे म्हणून. एवढं सांगतो आणि थांबतो. त्याच संध्याकाळी स्कूटरपाशी गाठून मी यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. हेल्मेट हातात धरून यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू पहिल्या बेसकडे बघायला हवं होतंस."

"एवढंच?"

"एवढंच, रे."

तेव्हापासून मी हे वाक्य उलटंसुलटं करून पाहतोय. त्याला दुसरा अर्थ नाही.

निरीक्षक परत कधी येणार, कुणाला माहीत नाही. आले तरी माझ्याबरोबर उभं कोण राहणार? माझी नजर ढळली तर जोडीदारही गोत्यात येतो. आहे कोणी तयार? हात वर करा. नको, राहू दे. अंपायर मंडळींनी हात वर केला की कोणीतरी आऊट होतं.

उद्या सत्कारमूर्तींना नवा पार्टनर मिळेल. त्याचं लक्ष त्याच्या बेसवर असो, ही माझी मनापासून शुभेच्छा. मला उद्या शाळेच्या मैदानावर लहान मुलांचा सामना आहे, एकट्याने. तिथे सगळीकडे आपणच बघायचं, आणि विचारायला येणारं कोणी नसतं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तिथे चूक मोठ्या मनाने पदरात घ्या. आता सत्कारमूर्ती उत्तराला उठतील. मी निघतो. नाही, कोणी उठू नका. बाहेर मुलांचा गलका चाललाय, यांचं बोलणं तुम्हाला नीट ऐकू यायला हवं. जाताना दार मी लावून घेतो.